बाजाराला न परवडणारा टोमॅटो

बंगळूरचं नाव लावणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. 'बंगलोर ब्लू' द्राक्षांना आणि 'बंगलोर रोज' कांद्याला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण या शहराचं नाव एका विषाणूलाही दिलेलं आहे, हे भाजी आणायला पिशवी घेऊन निघालेल्यांना सहसा ठाऊक नसतं. 'टोमॅटो लीफ कर्ल बंगलोर व्हायरस' हे त्याचं पूर्ण नाव. पांढरी माशी त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पोहोचवते. शेंड्याची पानं आक्रसतात, कडा वर वळतात, रोप खुरटतं आणि फुलं धरण्याआधीच गळतात. १९९९ साली शेजारच्या कोलारमध्ये या माशीची बाहेरून आलेली, अधिक त्रासदायक जात सापडली. कोलार म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या टोमॅटो बाजारांपैकी एक. त्यामुळे दक्षिणेतल्या टोमॅटोवाल्यांची झोप उडाली ती तेव्हापासून.

अशा शहरात, बनशंकरीसारख्या दाटीच्या वस्तीत, गच्चीवर टोमॅटो लावायचे आणि तेही बोराएवढे? घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रश्न रास्त आहे. कुंडी, माती, खत, सुतळी आणि वेळ यांचा हिशेब मांडला, तर घरचा टोमॅटो बाजारापेक्षा महागच पडतो. जुलै २०२३मध्ये किरकोळ भाव शंभरीच्या वर गेला आणि केंद्र सरकारला सवलतीच्या दरात टोमॅटो विकावे लागले, तेव्हा गच्चीवाल्यांची कॉलर ताठ झाली होती खरी. पण असे महिने अपवादाचे. स्वस्ताईसाठी टोमॅटो लावणारा माणूस दुसऱ्या हंगामाला टिकत नाही. टिकतो तो चवीसाठी लावणारा. आणि ही चव बाजारात का मिळत नाही, याला ठोस कारणं आहेत.

शाकंभरीच्या नावाची वस्ती

बनशंकरी हा दक्षिण बंगळूरचा भाग. कनकपुरा रस्त्यावरच्या बनशंकरी देवीच्या देवळावरून त्याला हे नाव पडलं. हे देऊळ १९१५ सालचं. मंगळवारी आणि शुक्रवारी राहुकाळात इथे लिंबाच्या अर्ध्या साली उलट्या करून त्यांत दिवे लावणाऱ्या बायकांची रांग लागते. मूळ ठाणं मात्र बदामीजवळ चोळचगुड्डला. चालुक्यांच्या काळापासूनच्या त्या स्थानावर आजचं देऊळ १७५०च्या सुमारास परशुराम आगळे या मराठा सरदाराने उभं केलं. महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांची ही देवी कुलदेवता. पौषातल्या शाकंभरी नवरात्रात तिला १०८ भाज्यांचा नैवेद्य दाखवतात. अवर्षणात आपल्या देहातून उगवलेल्या भाज्यांनी जगाला जगवणारी ती शाकंभरी.

या देवीच्या भाज्यांत टोमॅटो फार उशिरा आलेला पाहुणा. दक्षिण अमेरिकेत त्याचा उगम, मेक्सिकोत तो माणसाळला आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. महाराष्ट्रात काय आणि कर्नाटकात काय, सोवळ्याच्या स्वयंपाकघरांनी त्याला बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवलं. श्राद्धाच्या स्वयंपाकात तो अनेक घरांत आजही नसतो. आणि आज त्याच्याशिवाय बंगळूरचं सारू होत नाही, पुण्याचं सारही होत नाही.

बनशंकरीची वस्ती टप्प्याटप्प्याने वाढली. पहिल्या स्टेजपासून सहाव्या स्टेजपर्यंत. विकास प्राधिकरणाच्या आखणीतले तीस बाय चाळीस फुटांचे प्लॉट, त्यावर दुमजली-तिमजली घरं, खाली गाडी, मागे बोअरवेल. अंगण जवळजवळ संपलेलंच. उरते ती गच्ची. पाण्याची टाकी, सोलरची पाइपलाइन आणि वाळत घातलेले कपडे यांच्यामधल्या जागेत बागेचा सगळा संसार. टोमॅटोला दिवसाला सहा तास तरी ऊन लागतं आणि शेजारच्या इमारती उंच झाल्या, तरी ते गच्चीवर मिळतं.

हवामानाच्या बाबतीत बंगळूर नशीबवान. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंची असल्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी रात्रीचं तापमान पंधरा-सतराच्या आसपास असतं आणि दिवसाचं सत्तावीस-अठ्ठावीस. टोमॅटोची फुलं फळात रूपांतरित व्हायला याहून चांगला आकडा मागायचा नाही. रात्र फार उबदार झाली की परागकण निकामी होतात आणि फूल देठासकट गळून पडतं. नागपूर-सोलापूरच्या उन्हाळ्यात हेच होतं. लहान फळांची जात या बाबतीत मोठ्यांपेक्षा चिवट असते. मार्चमध्ये मोठा टोमॅटो हात टेकतो, तेव्हाही चेरी टोमॅटो फळ धरत राहतो.

चव कुठे गेली?

बनशंकरीच्या हातगाडीवर भाजीवाला विचारतो, "अम्मा, नाटि बेका, फार्म बेका?" बेका म्हणजे हवा का. नाटि म्हणजे गावठी: चपटा, शिरांचा, आंबट, सारूसाठी. फार्म म्हणजे लांबट, घट्ट, आठवडाभर टिकणारा. फार्मवाला टोमॅटो हा माणसाच्या जिभेसाठी नव्हे, तर क्रेटसाठी घडवलेला आहे. कोलारहून पंधरा किलोच्या खोक्यात किंवा आपल्या नारायणगावाहून वीस किलोच्या क्रेटमध्ये शेकडो किलोमीटर जायचं, तर साल जाड हवी, गर घट्ट हवा आणि सगळी फळं एकाच वेळी सारख्या रंगाची हवीत. शेतकऱ्याचा त्यात दोष नाही. वाटेत चेपलेल्या मालाचे पैसे त्याला कोणी देत नाही.

ही निवड फळाच्या आत किती खोल गेली, ते २०१२ साली उघड झालं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या ॲन पॉवेल आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की एकसारखा रंग येण्यासाठी गेली सत्तरएक वर्षं जो गुणधर्म पैदासकार निवडत आले, तो प्रत्यक्षात एका जनुकाचा बिघाड आहे. जुन्या वाणांच्या कच्च्या फळांना देठाजवळ गडद हिरवा पट्टा असतो. त्या पट्ट्यात हरितद्रव्य जास्त, म्हणून साखर जास्त. रंग सारखा करताना हा पट्टा गेला आणि त्याबरोबर गोडीचा एक वाटाही गेला. त्याच वर्षी 'नेचर'मध्ये टोमॅटोचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. बारा गुणसूत्रांपैकी पाचवं वाचायचं काम भारतीय प्रयोगशाळांकडे होतं.

लहान टोमॅटो या घडवणुकीतून बराचसा सुटला. रानटी टोमॅटोचं फळ वाटाण्याएवढं असतं. बोराएवढा चेरी टोमॅटो त्याच्या सर्वांत जवळचा. फळ लहान, म्हणून पाणी कमी आणि साखर दाट. बाजारातल्या टोमॅटोच्या रसात विद्राव्य घटक साधारण चार-पाच टक्के, तर चांगल्या चेरी टोमॅटोत सात ते नऊ. त्याची साल पातळ, दाताखाली फुटणारी. हाच गुण बाजारात अवगुण ठरतो, कारण पातळ साल पावसाच्या एका सरीने तडकते. जपानच्या टोकिता कंपनीचं १९९२ सालचं 'सन गोल्ड' हे नारिंगी वाण जगभरच्या हौशी बागवानांचं लाडकं आहे. पण त्याची फळं झाडावरच तडकतात, ही तक्रारही जगभर आहे. झाडापासून ताटापर्यंत एक जिना उतरायचा असेल, तर मात्र तडकणं हा प्रश्नच राहत नाही.

आपल्याकडेही या आकाराची वाणं आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं 'फुले जयश्री', दिल्लीच्या पुसा संस्थेचं 'पुसा चेरी टोमॅटो-१', लुधियानाचं 'पंजाब रेड चेरी'. विदर्भात भेदरं म्हणून ओळखला जाणारा गावठी लहान टोमॅटो तर कोणत्याही शिफारशीविना परसात, उकिरड्याच्या कडेला उगवत आला आहे.

पिशवी, पाणी आणि भुंगा

चेरी टोमॅटोचं झाड न थांबणारं. मोठ्या टोमॅटोच्या बऱ्याच जाती विशिष्ट उंचीला वाढ थांबवतात. हा मात्र वेलासारखा चढत राहतो, माणसाच्या डोक्यावर जातो. त्यामुळे फळ लहान म्हणून कुंडीही लहान, हा हिशेब चुकीचा. वीस लिटरची पिशवी ही कमीत कमी. बंगळूरची लाल माती निचऱ्याला चांगली, पण सेंद्रिय अंश कमी आणि नुसती भरली तर पिशवीत दगडासारखी बसते. एक भाग लाल माती, एक भाग नारळाच्या भुश्याचं कोकोपीट, एक भाग घरचं कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढ्यावर काम भागतं. गच्चीवर वजनाचाही विचार करावा लागतो. कोकोपीटने तो प्रश्न हलका होतो.

पिशवीत काठी रोप लावतानाच रोवायची. नंतर रोवली तर मुळं तुटतात. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणाऱ्या बगलफुटी बोटभर असतानाच खुडाव्यात. एक किंवा दोन मुख्य फांद्या ठेवून बाकी काढल्या, की हवा खेळती राहते आणि करपा लांब राहतो. खालची जमिनीला टेकणारी पानंही काढून टाकायची, कारण पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर मातीतला रोग पहिल्यांदा त्यांच्यावरच चढतो.

पाण्याचा धडा बंगळूरने मार्च २०२४मध्ये घेतला. बोअर आटले, टँकरचे भाव भडकले आणि जलमंडळाने बागेला, गाड्या धुवायला पिण्याचं पाणी वापरण्यावर बंदी घालून पाच हजार रुपये दंड जाहीर केला. गच्च्यांवरच्या बागांवर त्या महिन्यात संक्रांत आली. तांदळाचं धुवण, भाज्या धुतलेलं पाणी, आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी असं सगळं बादलीत साठू लागलं. आरओचं हे वाया जाणारं पाणी क्षारयुक्त असतं. ते रोज दिलं तर मातीत मीठ साचतं, म्हणून साध्या पाण्यात मिसळून अधूनमधून द्यावं. गंमत अशी, की थोडा पाण्याचा ताण आणि थोडे क्षार टोमॅटोला मानवतात: फळं कमी आणि लहान येतात, पण गोड येतात. ताण द्यायचा तो नेमाने मात्र. चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी पिशवी भरभरून भिजवली, की पिकत आलेली फळं तडकलीच म्हणून समजा.

फळधारणेचा सर्वांत पाहण्यासारखा भाग सकाळी आठ-नऊच्या सुमारास घडतो. टोमॅटोच्या पिवळ्या फुलात मध नसतो. परागकण पुंकेसरांच्या नळीत बंद असतात आणि नळीला आतून बारीक चीर असते. मधमाशी येते, हुंगते, निघून जाते. तिच्या हाती काही लागत नाही. मग येतो काळा भुंगा. तो फुलाला खालून पायांनी मिठी मारतो, पंख स्थिर ठेवतो आणि छातीचे स्नायू असे थरथरवतो, की त्याच्या गुणगुणण्याची पट्टी एकदम वर चढते. क्षणार्धात पिवळी भुकटी त्याच्या पोटावर सांडते. निळ्या पट्ट्यांची एक चपळ रानमाशीही हेच करते. टोमॅटो स्वतःच्याच परागावर फळतो, वाऱ्यानेही थोडं काम होतं. पण या थरथरीने फळं जास्त धरतात. भुंगे फिरकत नसतील तर फुलांचा घोस टिचकीने हलवावा. पाश्चात्त्य हरितगृहांत एके काळी विजेच्या कांड्या घेऊन माणसं फुलं हलवत फिरायची; पुढे त्यांनी त्या कामावर भुंग्यांच्या चुलत बहिणी, बंबलबी नावाच्या माश्या, नेमल्या. आपल्या गच्चीवर हे काम फुकट होतं, औषध फवारून आपण त्यांना हाकललं नाही तर.

माशी, अळी आणि हेसरघट्टा

शत्रूंची यादी लांब आहे. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे, निंबोळी अर्क आणि रोज पानाची खालची बाजू पाहायची सवय. विषाणूने आक्रसलेलं रोप बरं होत नाही. त्याच्यावर माया करत बसलं, की शेजारची चार रोपं जातात. ते उपटून पिशवीत बांधून टाकायचं. २०१४ साली महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडलेली 'टुटा' ही नागअळी आता सगळीकडे पोहोचली आहे. टोमॅटोच्या मूळ मुलखातून, दक्षिण अमेरिकेतूनच, ती त्याच्या मागावर निघाली. पानावर पांढरट फोड आणि फळावर देठाजवळ टाचणीएवढं छिद्र, ही तिची खूण. अशी पानं आणि फळं कंपोस्टमध्ये न टाकता नष्ट करावीत.

ज्या शहराचं नाव विषाणूला, त्याच शहराने उताराही शोधला. शहराच्या उत्तरेला हेसरघट्ट्याला भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था आहे, १९६७ साली स्थापन झालेली. तिथल्या 'अर्का' मालिकेतली टोमॅटोची वाणं देशभर गेली. 'अर्का रक्षक' हे संकरित वाण पानं आक्रसवणारा हाच पर्णगुच्छ विषाणू, मर रोग आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना एकाच वेळी तोंड देतं. पण त्याचं फळ ऐंशी-शंभर ग्रॅमचं, शेतकऱ्याच्या कामाचं. बोराएवढ्या गोड टोमॅटोत ही ताकद आणणं घरगुती बागवानांच्या दृष्टीने अधिक मोलाचं ठरेल. बाजार लहान म्हणून हे काम मागे राहू नये.

एकट्याचं काम नव्हे

गच्चीवर भाजी लावण्याचं वेड बंगळूरला आपोआप लागलेलं नाही. कृषी विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी गच्चीवरच्या सेंद्रिय बागेचे वर्ग घेतले आणि हजारो घरांत पिशव्या चढवल्या. २०११पासून 'ऊट फ्रॉम युअर तोट' नावाचे मेळावे शहराच्या वेगवेगळ्या भागांत भरू लागले. आपल्या मळ्यातलं आपलं जेवण, हा त्याचा मतलब. तिथे बी विकत मिळतं, बदलून मिळतं आणि कुणाचं रोप का मेलं याची चर्चा मिळते. पूनम बीर कस्तुरी यांनी २००६ साली सुरू केलेल्या 'डेली डंप'ने ओल्या कचऱ्याचं खत करणारे मातीचे 'खंबा' नावाचे डेरे घराघरांत नेले.

या विचाराची एक मुळी कोल्हापुरात आहे. श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून सामान्य माणसाला स्वतःच्या परसात प्रयोग करायला लावलं. उसाचं पाचट, पालापाचोळा आणि मूठभर माती यांतून भाजी पिकते, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी इमारतींच्या गच्च्यांवर शेती केली. विदर्भातले सुभाष पाळेकर यांचं जीवामृत तर कर्नाटकातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी कन्नड शब्दासारखं रुळलं आहे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. गच्चीवाले तेच प्रमाण बादलीपुरतं कमी करतात. वास येतो म्हणून वरच्या मजल्यावरचे नाकं मुरडतात, एवढंच.

ताटात

चेरी टोमॅटोचा बाजारातला वापर सॅलडपुरता. घरात तो फार पुढे जातो. तेलात हिंग-मोहरी तडतडली, की अख्खी फळं टाकायची, झाकण ठेवायचं, फुटू लागली की दाण्याचं कूट, तिखट आणि चिमूटभर गूळ. भाकरीबरोबर ही चटणी टोमॅटोच्या नेहमीच्या चटणीला मागे सारते, कारण पाणी आटवत बसावं लागत नाही. अर्धी कापून मीठ लावून उन्हात दोन-तीन दिवस सुकवली तर मार्चच्या उन्हात छान वाळतात आणि आमटीत आमसुलाचं काम करतात. एक गोष्ट मात्र टाळावी: फ्रिज. बारा अंशांच्या खाली टोमॅटोचा सुवास मरतो आणि फळ बाहेर काढलं तरी तो पुरता परत येत नाही. फळं परडीत, देठ खाली करून ठेवावीत.

पक्ष्यांचा वाटा धरूनच चालावं. बुलबुल आणि खार दोघांनाही पिकल्याचा दिवस आपल्याआधी कळतो. फळ रंग बदलू लागलं की तोडून घरात पिकवलं, तरी चवीत फारसा फरक पडत नाही.

बी ठेवा

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं काम शेवटी येतं. आवडलेल्या झाडाचं बी ठेवणं. 'सन गोल्ड'सारखं संकरित वाण असेल तर त्याच्या बियांतून तेच फळ येत नाही; पुढच्या पिढीत गुण विखुरतात. पण 'पुसा चेरी टोमॅटो-१'सारखं किंवा भेदऱ्यासारखं सरळ वाण असेल, तर घरचंच बी पुरतं, कारण टोमॅटो बहुधा स्वतःच्याच परागावर फळतो आणि भेसळ कमी होते. सर्वांत निरोगी झाड निवडा, पूर्ण पिकलेली फळं पेल्यात पिळा, थोडं पाणी घाला आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. वर पांढरी साय धरते, आंबूस वास येतो. बियांभोवतीचा, उगवण रोखून धरणारा चिकट थर त्यात गळून जातो. मग गाळणीत धुऊन, कागदावर नव्हे तर बशीवर, सावलीत वाळवा. कागदाला बी चिकटतं. कोरड्या डबीत चार-पाच वर्षं ते उगवण्याजोगं राहतं. वाणाचं नाव आणि वर्ष डबीवर लिहायला विसरू नका.

दिवाळीच्या सुमारास बंगळूरचा परतीचा पाऊस ओसरत येतो आणि महाराष्ट्रात रात्री गार होऊ लागतात. टोमॅटोच्या पेरणीची सर्वांत सोपी वेळ हीच. तेव्हा ट्रेमध्ये बी टाकलं, महिनाभराने रोप पिशवीत हलवलं, की साधारण दोन महिन्यांत पहिलं फळ तोडता येतं आणि ऐन उन्हाळ्यापर्यंत तोडा चालू राहतो. एका झाडाचे दोन-तीन किलो मिळाले तर चांगलं झालं म्हणायचं. बियाणं घेताना पाकिटावर 'संकरित' आहे की 'सरळ वाण', एवढं मात्र वाचून घ्या आणि पहिल्या वर्षी सरळ वाणच लावा. पुढच्या दिवाळीला शेजाऱ्याला फराळाच्या ताटाबरोबर बियांची पुडी देता आली पाहिजे.